हवालदारांच्या ट्रेलरास हिरवा रंग कधीही लागला नाही, त्याची हकीकत

॥ श्री गंजनिवारिणी प्रसन्न ॥

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भृगुवासर, ते दिवशी दोन प्रहरी हवालदार सोपानराव शेवाळे, निवृत्त, यांणी भंगारातून सोडविलेला फौजी ट्रेलर हिरव्या रंगाने मढविला आणि त्यात पाटराणी अनसूयाबाईसाहेब यांस गादी घालून बसविले आणि खासा स्वारी वेशीबाहेर पडोन पवनचक्क्यांच्या माळावर गेली आणि लोक दुतर्फा उभे राहून पाहते जाहले आणि वाटेत एका म्हशीने रस्ता सोडला नाही, तिजशी तह करून पुढे गेले आणि मोहीम फत्ते जाहली. ऐसे काहीही घडले नाही. सरकारचा कायदा ऐसा जे, फौजेचा हिरवा रंग फौजेखेरीज कोणी आपले गाडीस लावू नये आणि मालाच्या ट्रेलरात माणूस बसवू नये. तेव्हा रंग लागला नाही, बाईसाहेब बसल्या नाहीत, आणि ती म्हैस तर या मुलखातली नव्हेच. जे घडले नाही ते लोकांस नीट समजावे म्हणोन मुळापासून लिहिले आहे.

राज्य थोर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडीपुढे शेवगा, उत्तरेस खरेपंतांचे कुंपण, दक्षिणेस नळ, त्यास दिवसाआड पाणी, पश्चिमेस गटार, तेच सरहद्द. राज्याचे नाव येथे लिहीत नाही, शत्रू वाचतात. या राज्याचे धनी हवालदारसाहेब ऐन उमेदीत फौजेत मोटार हाकीत आणि मोटारीमागे मालाचा ट्रेलर जोडून बर्फाच्या डोंगरावर एका ठाण्यास बटाटे, रॉकेल आणि टपाल पोचवीत. ठाण्याचे नाव कोणी पुसल्यास "सिक्युरिटी" म्हणोन गप्प बसत. खरे पाहता नाव ते विसरले होते, परंतु विसरण्यातही शिस्त होती. वर्षाकाठी दोन महिने रजेवर येत, तेव्हा बाईसाहेब चुलीपुढून एकच सवाल करीत की, "क्वार्टर कवा मिळायचं?" कारण सरकार लग्न झालेल्या गड्यास फौजेत बिऱ्हाडाला घर देई, त्याची पाळी लागे, आणि हवालदारांची पाळी जवळ आली की पलटण दुसरीकडे हाले आणि पाळी पहिल्यापासून सुरू होई. मग हवालदार खाली मान घालून म्हणत, "पुढल्या पोस्टिंगला." आणि बाईसाहेबांचा चेहरा पाहून पुढे म्हणत, "आमच्यात ड्रायव्हर लोकांची रीत हाय. क्वार्टर मिळंना, तर ट्रेलरच्या दांड्यावर मालकिनीचं नाव लिवायचं. इन्स्पेक्शनला सायब यायच्या आत वरनं हिरवा हात मारायचा, म्हंजे कुनाला दिसत न्हाई. तुजंबी लिवलंय. तू माज्या मागंच असतीस, अगदी घाटातबी." या एका वाक्यावर बाईसाहेबांनी तरणपण काढले, सासूचे दुखणे काढले, ज्वारी काढली, आणि हवालदार कायमचे घरी आले तेव्हा क्वार्टर हा विषयच राज्यातून काढला. वाक्य मात्र ठेविले होते. ते खरे की खोटे, हे पाहण्याचा प्रसंग या जन्मी येईल ऐसे कोणाचे चित्तीही नव्हते.

तो प्रसंग ऐसा आला. दिवाळी सरली आणि हवालदार शेडीच्या पत्र्यास एक पट्टी पाहिजे म्हणोन हमरस्त्यालगतच्या भंगारकोटास गेले. तेथील किल्लेदार अंकुशराव कोळेकर, हे मोडक्या वस्तूंचे सार्वभौम राजे, खाटेवर बसून कलिंगड खात होते. कोटात फ्रीजांचे बुरूज, कुलरांची तटबंदी, आणि मध्यभागी एक ट्रेलर तोंडघशी पडलेला, दोन्ही चाके गेलेली, अंगावर गंजाची शाल. हवालदारांनी सहज आत वाकून पाहिले आणि वाकले ते वाकलेच राहिले. किल्लेदार म्हणाले, "हवालदार, कंबर धरली काय?"  ट्रेलराच्या तळास तेलाच्या डब्याचा पत्रा चारी बाजूंनी रिबिटा मारून बसविलेला होता आणि त्यावर तेलाच्या छापाचे अर्धे सूर्यफूल अजून फुललेले होते. हे ठिगळ हवालदारांनी स्वहस्ते मारिले होते, कारण त्या भोकातून बटाटे गळत आणि मागून येणारी दुसरी पलटण ते वेचून भाजी करीत असे आणि वर "मीठ का नाही पाठवीत?" ऐसा निरोप धाडीत असे. हवालदारांनी ठिगळावर तळहात ठेविला आणि म्हणाले, "अंकुश, ह्यो माजा हाय." किल्लेदार कलिंगडाची बी थुंकून म्हणाले, "हितं जे येतं ते माजं असतंय. आन् ह्येला आत्ता गॅस लावून तुकडं करायचंत. आख्खा ट्रकात बसत न्हाई." मग हवालदारांनी वाटाघाट मांडली आणि बंद पडलेली मोपेड देऊ केली, आणि किल्लेदार हलेनात, तेव्हा पुण्याच्या चिरंजीवांनी आईबापाच्या तब्येतीसाठी धाडिलेली व्यायामाची सायकल देऊ केली, जी राज्यात आल्या दिवसापासून एकही पाऊल चालली नव्हती आणि जिच्यावर बाईसाहेब गोधड्या वाळत घालीत. किल्लेदारांचे पोट फार वाढले होते. तह जाहला.

ट्रेलर क्रेनने दाराशी आला, तेव्हा बाईसाहेब ओली गोधडी खांद्यावर घेऊन सायकल धुंडीत होत्या. त्यांनी ट्रेलराकडे पाहिले, मग हवालदारांकडे पाहिले, मग पुन्हा ट्रेलराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अवो, ही कुनाची मयत आनली दारात?" हवालदार म्हणाले, "वळखलं न्हाईस? ह्योच तो." "कंचा?" "तूच न्हाई का ह्येच्यावर." बाईसाहेबांनी गोधडी ट्रेलरावर वाळत टाकिली, पदर खोचिला आणि म्हणाल्या, "असं? मग दावा की कुठं हाय मी." हवालदारांस घाम फुटला, कार्तिकातली थंडी असताही फुटला. ट्रेलरावर रंगाचे थर इतके की पत्रा आत गुदमरला होता. ते म्हणाले, "थरावर थर हायेत. खरवडाय लागंल. आपला थर पार तळाला." बाईसाहेब म्हणाल्या, "खरवडा. मला काय घाई? यवडी वरसं थांबलीच हाय." आणि आत जाऊन कुकर लावत्या जाहल्या.

मग हवालदारांनी कुमक मागविली. तोफखान्याचे दारोगा मेहबूब मुलाणी, ज्यांचे वेल्डिंगचे दुकान तिठ्यावर, ते आपली जुनी जीप घेऊन आले. मेहबूबभाई लोखंडाशी बोलत असत आणि लोखंड उत्तर देई, ऐसा लोकांचा समज होता, परंतु नीट ऐकिल्यास दोन्ही आवाज मेहबूबभाईच काढीत. त्यांनी ट्रेलरास प्रदक्षिणा घातली, हातोडीने ठिकठिकाणी टकटक केली आणि म्हणाले, "अण्णा, हाडं चांगली हायेत. निस्तं कातडं गेलंय." मग दोघांनी धुरा सोडविला, स्प्रिंगपाट्यांतून चिमण्यांचे घरटे काढून सन्मानाने शेवग्यावर बसविले, जीपची दोन जुनी चाके घातली, मागले फळकुट नवे केले, साखळीस ग्रीस दिले आणि कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, फक्त ते ठिगळ तसेच ठेविले. मेहबूबभाई म्हणाले, "ह्ये सूर्यफूल काढून झ्याक प्लेट मारू का?" हवालदार म्हणाले, "त्याला हात लावलास तर तुजा माजा राम राम." आणि काम करता करता हवालदार फौजेतल्या गोष्टी सांगत, की बर्फात इंजिन गारठले म्हणजे त्यास ब्लँकेट घालीत आणि स्वतः कुडकुडत, आणि लंगरचा खानसामा भातात रडत असे म्हणोन भात खारट लागे, आणि रात्री बराकीत ज्याची त्याची पाळी लागून घरची गोष्ट सांगावी लागे आणि ज्याकडे गोष्ट संपली त्याने दुसऱ्याची उसनी घ्यावी. बाईसाहेब चहा आणून ठेवीत आणि "चालू द्या तुमचं रामायन" म्हणोन जात, परंतु उंबऱ्याच्या आत उभ्या राहत, हे हवालदारांस पाठ फिरवूनही कळत असे.

इतक्यात उत्तरेच्या कुंपणावरून आक्षेप आला. खरेपंत, दिगंबर खरे, वाहन खात्यातून निवृत्त, हे रोज सकाळी कुंपणावर कोपर ठेवून शेजारराज्याची तपासणी करीत. त्यांनी हिरव्या रंगाचा डबा पाहिला आणि म्हणाले, "हवालदारसाहेब, हा रंग तुम्हाला लावता येणार नाही." हवालदार म्हणाले, "का? म्या हाच रंग अंगावर घालून वय काढलं." पंत म्हणाले, "तेव्हा तुम्ही फौजेत होतात. आता तुम्ही नागरिक आहात." "पन ट्रेलर तर फौजंचाच हाय की." "ट्रेलरसुद्धा आता नागरिक आहे. पिवळा लावा, निळा लावा, हवं तर ठिपके काढा. हिरवा नाही." मेहबूबभाई म्हणाले, "पंत, रस्त्यावर काढलाच न्हाई तर?" पंत म्हणाले, "तर तुम्ही त्याचं काय करणार, लोणचं घालणार?" आणि कोपर काढून आत गेले. हवालदारांनी डबा शेवग्यामागे ठेविला आणि पॉलिश पेपर हाती घेतला, कारण आता दांड्याचीच पाळी होती.

दांड्याची गोष्ट ऐसी. मेहबूबभाई ग्राइंडर घेऊन आले आणि एका झपाट्यात दांडा आरशासारखा करणार, तोच हवालदार ओरडले, "बंद कर!" आणि दांड्याच्या मुळाशी त्यांनी बोट फिरविले, आणि रंगाखाली अक्षरे बोटास लागली, जसे पाठीवर कोणी लिहिले तर कळते तसे. प्रत्येक ड्रायव्हरास आधीची नावे ऐसीच बोटाने कळत आणि कोणाच्या मालकिनीवर आपली मालकीण पडू नये म्हणोन जो तो अंमळ सरकून लिही. मग ब्लेडने हलके हलके खरवडू लागले. सर्वांत उजवीकडे, वरच्याच थराखाली, कमला, बाजूस गुलाबाचे फूल, जे कोबीसारखे दिसे. बाईसाहेब आता उंबरा सोडून शेडीत आल्या होत्या. म्हणाल्या, "गुलाब काडाय येत न्हवता तर कशापायी काडायचा म्हनते मी." परंतु बोटाने तो कोबी कुरवाळिला. तिच्या डावीकडे दोन थर खाली तमिळ अक्षरे निघाली, ती कोणास वाचता येईनात, पण इतकी गोल आणि सावकाश काढलेली की काय ते सर्वांस कळले. त्याच्या डावीकडे गुरमुखी निघाली. बाईसाहेब म्हणाल्या, "ह्या बायाबी वाटच बगत बसल्या आसत्याल." आणि मेहबूबभाईंस ताकीद दिली की एकही अक्षर पुसले जाता कामा नये, पुसल्यास चहा बंद. मग डावीकडच्या शेवटच्या जागी, पार पत्र्याला चिकटलेल्या थरावर, ब्लेड अडकले. हवालदारांनी हात पुसले आणि स्वतः खरवडिले. प्रथम एक काना दिसला, मग मात्रा, मग ठिपका.

"सौ."

आणि पुढे काही नाही. पुढे नुसता पत्रा. हवालदारांनी आणखी खरवडिले, पत्राच निघाला. बाईसाहेब म्हणाल्या, "आन् नाव?" हवालदार म्हणाले, "सौ. म्हंजे तूच की." "सौ. तर समद्याच आसत्यात." यावर हवालदार कान लाल करून म्हणाले की, मागे पलटणीतली पोरे उभी होती, हसत होती, आणि घरच्या माणसाचे नाव ऐसे उघड्यावर काढायचे म्हणजे हात पुढे जाईना, म्हणोन सौ. काढून वरून हिरवा हात मारिला असावा. हेही खरे की, लग्नात उखाण्यात घेतले तेवढेच, त्या उपरांत बाईसाहेबांचे नाव हवालदारांच्या तोंडून कोणी ऐकिले नव्हते, 'अगं'वर सगळा संसार चालला होता. बाईसाहेब म्हणाल्या, "मारला असावा, का मारला?" मग म्हणाल्या, "तुमच्यात सौ. लिवनारा दुसरा आपल्या हिकडचा गडी न्हवता का कुनी?" येथे हवालदार सहज खोटे बोलू शकत होते. मेहबूबभाईंनी तशी खूणही केली. परंतु हवालदार ठिगळाकडे पाहत म्हणाले, "हुता. माज्या आदी ह्यो ट्रेलर कोरेगावच्या कदमाकडं हुता. त्योबी लाजरा." आणि शेवटी म्हणाले, "मला आटवतंय म्या बुरूश घेतला. सौ. काडलं. पन ही गोष्ट तुला इतक्यांदा सांगितली, का आता म्या काडताना आटवतंय, का कदम काडत हुता आन् म्या बाजूला हुबा हुतो, ह्ये मला सांगता यीत न्हाई."  बाईसाहेबांनी त्या सकाळी ट्रेलरावर टाकलेली गोधडी उचलिली, ती वाळलीही नव्हती, आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून राज्यकारभार ठप्प जाहला. चहा बंद, बोलणे बंद, जेवण ताटात येई पण त्यासोबत कोणी येत नसे. मेहबूबभाई येऊन दांड्यास नमस्कार करून परत जात. खरेपंतांनीही कोपर काढून घेतले. हवालदार खाटेवर पडून राहत आणि छताच्या वाशांस पुसत की, तू काडलंस का कदमानं, आणि वासे उत्तर देत नसत, ते मेहबूबभाईंचे नव्हते. एके दिवशी सकाळी हवालदार डोळे मिटून पडले असता शेडीत पाऊल वाजले. त्यांनी एक डोळा उघडून पाहिले तो बाईसाहेब दांड्यापाशी उकिडव्या बसलेल्या, आणि बोट कोबीवरून, तमिळ अक्षरांवरून, गुरमुखीवरून, सौ.वरून फिरवीत पुढच्या कोऱ्या पत्र्यावर आणून तेथेच ठेविलेले. पुष्कळ वेळ ठेविलेले. मग त्यांनी हाक मारिली, "अवो. सोंग पुरं करा." हवालदार उठून आले. बाईसाहेब म्हणाल्या, "कुनी का लिवलं असंना. पुढं जागा सोडलीया न्हवं?" हवालदार म्हणाले, "हाय जागा." "मग लिवा."

हवालदारांनी शेवग्यामागून डबा आणिला, पण तो हिरवा, म्हणोन मेहबूबभाईंच्या दुकानातून पांढरा मागविला, तो मेहबूबभाईसकट आला, आणि पांढऱ्याची हकीकत ऐकून खरेपंतही कुंपणावर प्रकटले. ऐसा भरदरबार. हवालदारांनी ब्रश बुडविला, आणि हात, ज्याने बर्फावर उतरणीला गाडी धरिली, तो दांड्यापर्यंत जाऊन परत डब्यात आला. पंत म्हणाले, "मी तिकडे तोंड करतो." मेहबूबभाईही फिरले, आणि शेवग्यावरची चिमणीही, परंतु तिचे कारण वेगळे असेल. मग हवालदारांनी सौ. पुढे लिहिले, 'अ' काढला, तो थोडा वाकडा आला, 'न' बरा आला, 'सू' आला, 'या' आला. आणि लिहिताना तोंडाने हळू म्हणत गेले, शाळेत पोर म्हणते तसे, एकेक अक्षर, आणि शेवटी अख्खे, "अनसूया." बाईसाहेब इयत्ता चौथी शिकलेल्या. त्यांनी वाचले, आणि पदर तोंडास लावून म्हणाल्या, "वाळू द्या आदी. आन् मग रीत हाय तसा वरनं हिरवा हात मारा. समद्यांवरनं मारा. कुनाला दिसाय नगो." हवालदारांनी पंतांकडे पाहिले. पंत अद्याप पाठमोरेच होते. म्हणाले, "मला हल्ली मोतीबिंदूमुळे रंग कळत नाहीत. उद्या दुपारपर्यंत कळणार नाहीत."

पुढे जे जाहले नाही ते वर लिहिलेच आहे. हिरवा ट्रेलर मेहबूबभाईंच्या जीपमागे माळावर पोचला नाही आणि पवनचक्क्यांखाली थंड वारा सुटला नाही आणि बाईसाहेब गादीवरून उतरून चौफेर पाहत्या जाहल्या नाहीत. त्यांनी पुसले नाही की, "तुमचं ठानं असंच हुतं?" आणि हवालदारांनी हात करून दाखविले नाही की, हितं लंगर, तितं संतरी, ह्या खडकापाशी गाडी लावायची. बाईसाहेबांनी विचारिले, "आन् क्वार्टर?" हवालदारांनी माळावर नजर फिरविली आणि म्हणाले, "त्या बोरीच्या मागं. एक खोली, एक चूल." बाईसाहेब बोरीपर्यंत चालत गेल्या, आत गेल्यासारख्या गेल्या, वाकून, चौकट डोक्यास लागू नये तशा, आणि आतून म्हणाल्या, "चूल दाराच्या तोंडाला बांदलीया. सगळा धूर घरात येतोय. हितं यवडी वरसं कशी काडली आसती म्या?" हवालदार म्हणाले, "काडली आसतीस." आणि मग दोघे त्या खोलीत सूर्य मावळेतोवर बसले, आणि मेहबूबभाई जीपशी बोलत राहिले, दोन्ही आवाजांत.

दुसरे दिवशी खरेपंतांचा मोतीबिंदू बरा जाहला आणि ट्रेलरास शाळेच्या फाटकास लावून उरलेला आभाळी रंग दिला, तो आजतागायत आहे, आणि त्याखाली काय आहे हे बोटाने पाहावे लागते. खरेपंतांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज फेटाळिले होते, म्हणोन अर्ज कसा लिहावा हे त्यांसच ठाऊक. त्यांनी बाईसाहेबांच्या सांगण्यावरून एक लिहून धाडिला. एकंदर तात्पर्य येणेप्रमाणे: ट्रेलर दुरुस्त आहे, राज्य शांत आहे, चहा चालू आहे. अर्जाचा मजकूर ऐसा:

"मा. सक्षम अधिकारी यांचे सेवेशी. विषय: विवाहित सैनिकांचे निवासस्थान वाटपाबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदार सौ. अनसूया सोपान शेवाळे यांच्या पतीची निवासस्थानाची पाळी पलटण हलल्यामुळे वेळोवेळी रद्द झाली आहे. तरी सदर पाळी पूर्वलक्षी प्रभावाने, अर्जदाराच्या लग्नाच्या तारखेपासून ग्राह्य धरून, डोंगरावरील ठाण्यावर (नाव पतीच्या स्मरणात नाही) एक खोलीचे निवासस्थान मंजूर करण्यात यावे, व दरम्यानची वर्षे अर्जदार व पती यांनी सदर निवासस्थानी एकत्र काढली असल्याची नोंद घेण्यात यावी. त्याच वाटपात सौ. कमला, व ज्यांची नावे आम्हास वाचता आली नाहीत अशा अन्य दोघी, यांचाही विचार व्हावा. कोरेगाव येथील सौ. कदम यांनाही शेजारची खोली देण्यात यावी. चूल दारापासून दूर असावी. कळावे."